टाकी मोठी केली तर वरच्या मजल्यावर पाण्याला जोर येईल का?

तळमजला अधिक चार मजल्यांच्या आपल्या इमारतीत सर्वांत वर शॉवरला पाणी जेमतेम येते आणि गच्चीवरील १००० लिटरची टाकी बदलून २००० लिटरची बसवल्यास ‘फोर्स’ वाढेल, असे प्लंबरचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे. नाही, बरोबर नाही.

बोलताना आपण ज्याला पाण्याचा फोर्स म्हणतो तो भौतिकशास्त्रातले बल नसून दाब असतो, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. स्थिर पाण्यातील एखाद्या बिंदूवरचा दाब म्हणजे पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण आणि त्या बिंदूवर उभ्या असलेल्या पाण्याची उंची यांचा गुणाकार. पाण्याची घनता दर घनमीटरला १००० किलोग्रॅम आणि गुरुत्वत्वरण ९.८ धरले, तर दर मीटर उंचीमागे ९,८०० पास्कल दाब मिळतो. या हिशेबात लिटर कोठेही येत नाहीत.

टाकीतील पातळीपासून आपल्या वरच्या मजल्याचा नळ अडीच मीटर खाली असेल, तर तेथे २४,५०० पास्कल दाब असतो. शॉवर त्याहून मीटरभर वर, म्हणून त्याच्या वाट्याला केवळ १४,७०० येतात. तळमजल्याचा नळ आणखी १२ मीटर खाली असल्याने तेथे १,४२,१०० पास्कल मिळतात. बल हे या दाबाला क्षेत्रफळाने गुणल्यावर येते. अर्धा इंच व्यासाच्या नळाचे तोंड साधारण १.२७ चौरस सेंटीमीटरचे असते; ते अंगठ्याने बंद करून नळ सोडल्यास वरच्या मजल्यावर अंगठ्यावर सुमारे ३ न्यूटन, म्हणजे तीनशे ग्रॅम वजनाइतके बल येते, तर तळमजल्यावर १८ न्यूटन, म्हणजे पावणेदोन किलोंहून थोडे अधिक. वर अंगठा सहज टिकतो. खाली मात्र बाजूने चिळकांडी उडून सदरा भिजतो, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

दुप्पट तळाची टाकी तेवढ्याच पातळीपर्यंत भरली, तर तळावरचा दाब तोच राहतो. दुप्पट होते ते तळावरचे एकूण बल, आणि ते स्लॅबला सोसावे लागते. नवी टाकी उंचीलाही थोडी अधिक असते हे मान्य, परंतु पातळी ३० सेंटीमीटर वाढल्याने मिळणारे २,९४० पास्कल शॉवरखाली उभे राहून फारसे जाणवणार नाहीत.

घनतेचे काम पाहायचे असेल तर गच्चीवरच्याच सौर बंबाकडे पाहावे. ६० अंशांच्या पाण्याची घनता ९८३, तर २५ अंशांच्या पाण्याची ९९७ असते. एक मीटर उंचीला या फरकातून जेमतेम १४० पास्कल निघतात, आणि तेवढ्यावर पंपाशिवाय गरम पाणी वर चढून गार पाणी नळ्यांत उतरत राहते.

तेव्हा आहे तीच टाकी दीड-दोन मीटर उंच चौथऱ्यावर घ्यावी, मात्र स्लॅब तो भार पेलेल याची खात्री स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी करून घ्यावी. ते शक्य नसल्यास वरच्या मजल्यापुरता प्रेशर पंप बसवावा. तळमजल्यावरही धार बारीक असेल, तर दोष उंचीचा नसून बहुधा जुन्या लोखंडी पाइपांत साचलेल्या गंजाचा असतो: नळ बंद असताना दाब पूर्ण असतो, पण पाणी वाहू लागताच तो वाटेतील घर्षणात खर्च होतो.