मैत्रिणीने विचारले, तर आपल्या विश्वासाविषयी काय सांगावे?

एका भगिनीचे पत्र समोर आहे. परदेशात स्थायिक होऊन त्यांना नऊ वर्षे झाली आहेत, पतिपत्नी दोघेही नोकरी करतात, दोन मुले आहेत आणि रविवारची उपासना सहसा चुकत नाही. कार्यालयातल्या एका सहकारी मैत्रिणीने, जी स्वतः कोणताच धर्म मानत नाही, त्यांना एकदा मधल्या सुट्टीत विचारले, "गेल्या वर्षी तुझी नोकरी जाणार असे सगळे बोलत होते, तेव्हाही तू इतकी शांत कशी होतीस?" भगिनींनी "माझा स्वभावच तसा आहे" असे म्हणून विषय बदलला. घरी आल्यावर त्यांनी हा प्रसंग सांगितला, तेव्हा बारा वर्षांच्या मुलीने विचारले, "आई, तू रोज प्रार्थना करत होतीस हे तिला सांगायची तुला लाज वाटली का?" पुढे त्या लिहितात, "आमचे पाळकसाहेब साक्ष देण्याविषयी, म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगण्याविषयी, नेहमी सांगतात आणि मी मान खाली घालून ऐकते. माझे पती म्हणतात की श्रद्धा ही खाजगी बाब आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही, शास्त्राचे शिक्षण नाही आणि कोणाला दुखवण्याची इच्छा तर मुळीच नाही. मी काय करावे?"

ताई, तुमच्या शिक्षणाच्या अडचणीचा विचार आधी करू, कारण ती वाटते तेवढी मोठी नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेतल्या मंडळीचा छळ सुरू झाल्याची हकीकत आहे. तिथे या पुस्तकाचा लेखक लूक याने एक बारकावा नोंदवला आहे, तो वाचताना सहज निसटतो: प्रेषित यरुशलेमेतच राहिले आणि पांगापांग झाली ती बाकीच्यांची. हे पांगलेले लोक जातील तिथे वचनाची सुवार्ता सांगत गेले. म्हणजे ज्यांनी येशूबरोबर तीन वर्षे काढली होती, ते मागे राहिले; आणि घरदार सुटलेली, नव्या गावात बिऱ्हाड थाटू पाहणारी साधी माणसे पुढे गेली. अकराव्या अध्यायात त्यांच्यापैकी कुप्र आणि कुरेने इथले काही जण अंत्युखिया शहरात पोहोचून हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, लोकांशी बोलू लागतात. त्यांची नावे कोठेही दिलेली नाहीत. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा ज्या शहरात मिळाले, तिथे सुवार्ता नेणारी ही निनावी स्थलांतरित माणसे होती, हे परदेशात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एकदा शांतपणे वाचावे असे मला मनापासून वाटते. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपेही तसेच. रोमी सम्राट क्लौद्य याच्या हुकुमामुळे त्यांना रोम सोडावे लागले, ते तंबू शिवून पोट भरत, आणि अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून सांगताना त्यांनी त्याला बाजूला घेतले, चारचौघांत त्याची चूक काढली नाही.

आता तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. साक्ष देणे म्हणजे अनोळखी माणसाला अडवून त्याच्यापुढे प्रवचन करणे, अशी समजूत आपल्यापैकी अनेकांनी करून घेतली आहे आणि ते आपल्याला जमत नाही म्हणून आपण कायमचे गप्प बसतो. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात काय सांगतो ते पाहा. तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी जो कोणी विचारील, त्याला उत्तर देण्यास सिद्ध राहा आणि ते उत्तर सौम्यतेने द्या, असे त्याचे सांगणे आहे. इथे आधी जगणे आहे, त्या जगण्याकडे पाहून कोणाच्या तरी मनात उठलेला प्रश्न आहे आणि मग उत्तर आहे. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी घडून गेल्या आहेत. उत्तर तेवढे राहिले आहे.

पंडिता रमाबाईंची हकीकत या ठिकाणी आठवते. त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. लंडनच्या फुलम भागात त्या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करत असत. ज्या स्त्रियांकडे पाहण्याचीही लोकांची तयारी नसते, त्यांना इतक्या मायेने कोणी जवळ घेत असेल याची रमाबाईंना कल्पनाच नव्हती. ख्रिस्ती लोक या स्त्रियांची एवढी काळजी का घेतात, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील, लोकांनी तुच्छ लेखलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू आपुलकीने बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. संस्कृतची पंडिता म्हणून गौरवलेल्या या बाईंपुढे तिने वाद मांडला नाही. विचारलेल्या प्रश्नाला जुळणारी एक गोष्ट तिने वाचली आणि ती गोष्ट रमाबाईंच्या अंतःकरणाला भिडली.

उत्तर कसे द्यावे, हे मी एका चुकीतून शिकलो आहे आणि ती चूक माझीच आहे. माझ्या एका सहकाऱ्याची आई मायदेशी वारली आणि त्याला वेळेत पोहोचता आले नाही. मी त्याच्या टेबलाजवळ गेलो आणि देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस पत्रातले वचन त्याला ऐकवले. वचन खरे आहे आणि माझा हेतूही वाईट नव्हता. तो मात्र माझ्याकडे न पाहता मोबाइलच्या चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला, पुन्हा सोडवत राहिला आणि शेवटी "आभारी आहे" एवढेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या मंडळीतल्या एक वृद्ध बाई, ज्यांनी कधी व्यासपीठावर पाऊल ठेवलेले नाही, माझ्याबरोबर त्याच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईविषयी सांग बाळा." तो तासभर बोलला. निघताना त्यांनी विचारले, "तुझी हरकत नसेल तर मी प्रार्थना करू का?" त्याने मान हलवली आणि बाईंनी त्याच्या आईचे नाव घेऊन चार वाक्यांची प्रार्थना केली. काही आठवड्यांनी त्या प्रार्थनेचा अर्थ विचारायला तो त्यांच्याकडेच गेला. माझ्याकडे आला नाही, आणि त्याचे बरोबरच होते.

तेव्हा ताई, तुम्ही एवढेच करा: गेल्या वर्षीच्या त्या काळाची हकीकत एका कागदावर लिहून काढा. रात्री झोप लागत नव्हती का, कशाची भीती वाटत होती, कोणते वचन धरून ठेवले, प्रार्थनेनंतर काय बदलले आणि काय बदलले नाही, हे सारे खरेखरे लिहा. जे बदलले नाही तेही लिहाच, कारण सारे काही सुरळीत झाल्याची गोष्ट ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. मोठ्याने वाचली तर तीन मिनिटांत संपावी, एवढीच ती असू द्या. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या जन्मांध माणसाला परूशी या यहूदी धर्मपुढाऱ्यांनी येशूविषयी आडवेतिडवे प्रश्न विचारले, तेव्हा आपण पूर्वी आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढे एकच आपल्याला ठाऊक आहे असे तो म्हणाला. त्याच्याजवळ तेवढेच होते आणि ते कोणाला खोडता आले नाही. लिहिताना भाषेकडे विशेष लक्ष द्या. तारण, पापक्षालन, नवा जन्म, अभिषेक हे शब्द आपल्याला प्रिय आहेत, पण मंडळीबाहेरच्या माणसाला त्यांतून काहीच बोध होत नाही. आपल्या परदेशात वाढलेल्या मुलांनाही होत नाही, हे दुःखाने पण स्पष्ट सांगितले पाहिजे. तुम्हाला क्षमा मिळाली असेल तर कशाची मिळाली आणि त्यानंतर कोणाशी तुमचे वागणे पालटले, ते सांगा.

तुमच्या पतीचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. त्यांच्या बोलण्यात एक रास्त काळजी आहे. विश्वासाच्या नावाखाली दडपण आणणारी माणसे त्यांनी पाहिली असतील आणि असे दडपण येशूच्या रीतीला धरून नाही. हाताखाली काम करणाऱ्या माणसाशी हा विषय आपण होऊन काढू नये, कारण त्याला 'नको' म्हणणे अवघड जाते. दुसऱ्यांच्या लहान मुलांशी त्यांच्या आईवडिलांच्या नकळत या विषयावर बोलू नये. मदत केली तर ती बिनशर्त असावी, तिच्या मागोमाग उपासनेचे आमंत्रण पाठवू नये. दुसऱ्याच्या देवाविषयी किंवा श्रद्धेविषयी वाईट शब्द उच्चारू नये, आणि सर्व धर्मांचे आप्त व स्नेही असलेल्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी वचने पाठवणे म्हणजे साक्ष देणे, असा समज करून घेऊ नये. काही देशांत धर्मप्रसारावर कायद्याने बंधने आहेत; तिथे राहणाऱ्यांनी आधी तो कायदा नीट समजून घ्यावा. मात्र ही सर्व पथ्ये पाळूनही, मैत्रिणीने आपण होऊन विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे यात आगळीक नाही. उलट "माझा स्वभावच तसा आहे" हे उत्तर देताना तुम्ही तिच्यापासून सत्य लपवले, असे मी प्रेमाने पण ठामपणे म्हणेन.

ऐकून ती "मला हे पटत नाही" म्हणाली, तर मैत्री होती तशीच राहू द्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांत किती ताटातूट आणि किती अश्रू होते, ते लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे दोघे पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या मनातून पिकून यावा लागला. आणि टिळकांपर्यंत तरी ही वार्ता कशी पोहोचली होती? नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. त्याने आपुलकीने बोलणे काढले आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. वाचत वाचत टिळक मत्तयातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचे मन हटेना.  आज आपण उपासनेत टिळकांची भजने गातो, ती त्या डब्यातल्या भेटीचे फळ आहेत, हे त्या प्रवाशालाही बहुधा ठाऊक नसेल.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मैत्रिणीच्या आधी द्यायला हवे. मुलीला सांगा, की लाजेपेक्षा भीती अधिक वाटली, आणि त्या भीतीसाठी तुम्ही दोघी मिळून प्रार्थना करा. दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली अरामी सेनापती नामान याच्या घरच्या लहान मुलीची गोष्ट तिला वाचून दाखवा. परक्या देशात कैद करून आणलेली ती पोर, धन्याचा कोड पाहून तिच्या मनात कळवळा येतो आणि शोमरोनात संदेष्टा आहे, तो त्यांना बरे करील, एवढे एकच वाक्य ती धनिणीला सांगते. नंतर तुम्ही लिहिलेला तो कागद मुलीपुढे ठेवा, हातात पेन्सिल द्या आणि जो शब्द कळणार नाही त्याखाली रेघ ओढायला सांगा. ते शब्द बदलून घ्या. मग एखाद्या निवांत दिवशी त्या मैत्रिणीला म्हणा, "त्या दिवशी तू मला विचारले होतेस आणि मी अर्धेच उत्तर दिले. उरलेले अर्धे सांगू का?"