माणसाचा स्वभाव, युद्ध आणि सद्गुण याबद्दल प्राचीन रोमन लोकांकडून आज काय शिकण्यासारखं आहे?

रोमन म्हटलं की लगेच मार्कस ऑरेलियसचे कोट फिरायला लागतात, ते चांगलेच आहेत, पण तुम्ही तिन्ही गोष्टी एकत्र विचारल्यात म्हणून मी टॅसिटस या रोमन इतिहासकाराचं नाव घेईन. इसवी सन 98 च्या सुमारास त्याने आपल्या सासऱ्यांवर म्हणजे अग्रिकोलावर एक छोटं पुस्तक लिहिलं, एका बैठकीत वाचून होतं.

अग्रिकोला ब्रिटनचा रोमन गव्हर्नर. आजच्या स्कॉटलंडमध्ये मोन्स ग्राउपियसला मोठी लढाई झाली, आणि लढाईआधी टॅसिटस शत्रूच्या सरदाराला, कॅल्गाकसला, भाषण करायला लावतो. तो म्हणतो की हे रोमन म्हणजे जगाचे लुटारू, पूर्व-पश्चिम गिळूनही यांचं पोट भरत नाही, लूट आणि कत्तलीला हे साम्राज्य म्हणतात आणि सगळं उजाड करून टाकलं की त्यालाच शांतता म्हणतात. आता हे शब्द काही तिथे कुणी बसून लिहून घेतलेले नाहीत, टॅसिटसनेच रचलेत. स्वतः सिनेटर, आदल्याच वर्षी कॉन्सल या मोठ्या सरकारी पदावर पोहोचलेला, समोरच्या फौजेचा सेनापती स्वतःचा सासरा, आणि तरी आपल्या राज्यावरचा सगळ्यात जहाल आरोप तो शत्रूच्या तोंडून इतक्या ताकदीने मांडतो की आज बहुतेकांना त्या पुस्तकातलं तेवढंच आठवतं. मला रोमन शहाणपण म्हणजे हेच वाटतं, जिंकणाऱ्यानेच हरणाऱ्याची बाजू पूर्ण जोर लावून मांडायची.

माणसाच्या स्वभावाबद्दल त्यात एक वाक्य आहे, आपण ज्याचं वाईट केलं त्याचाच द्वेष करणं हा माणसाचा स्वभाव. संदर्भ असा की सम्राट डोमिशियनची माणसं अग्रिकोलावर दबाव आणून त्याला मोठं पद नाकारायला लावतात, मग तो सम्राटाकडे जाऊन मला यातून मोकळं करा अशी विनंती करतो, आणि सम्राट उपकार केल्यासारखे त्याचे आभारही स्वीकारतो. ऑफिसात, भाऊबंदकीत कुठेही बघा, ज्याने हक्क मारला तोच जास्त चिडलेला असतो.

सद्गुणाबद्दल मात्र माझं त्याच्याशी पूर्ण जुळत नाही. तो म्हणतो वाईट राजाच्या हाताखालीही माणूस थोर राहू शकतो, गाजावाजा करून मरण्यापेक्षा गप्प राहून काम केलेलं बरं. मला यात सासऱ्याची आणि थोडी स्वतःचीही बाजू सावरणं दिसतं, कारण डोमिशियनच्या काळात टॅसिटसही पदांवर चढतच होता. पण मग शेवटाकडे तो सरळ लिहितो की डोमिशियनच्या रोषाला बळी पडलेल्या हेल्विडियस या सिनेटरला तुरुंगात नेलं ते आमच्याच हातांनी, म्हणजे आम्हा सिनेटरांच्या. "त्यांनी" नाही, "आम्ही". तोपर्यंत डोमिशियन मेलेला होता, सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होणं अगदी सोपं होतं, आणि टॅसिटसने ते केलं नाही, म्हणून त्याचं बाकीचंही मी विश्वासाने वाचतो.