एसक्यूएल शिकताय? आधी कागद-पेन घ्या

अरे मित्रा, एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधली, म्हणजे टेबलांत मांडलेली माहिती टाकायची-काढायची भाषा, घाबरू नको, पण पहिल्याच दिवशी नॉर्मलायझेशनच्या (माहिती पुन्हा पुन्हा न लिहिता टेबलांत नीट वाटून ठेवायच्या पद्धतीच्या) व्याख्या घोकत बसू नकोस. आधी वही काढ. आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान डोळ्यासमोर आण, शेतकरी एका टेबलात, सौदे दुसऱ्या टेबलात. नवीन पोरं काय करतात, प्रत्येक सौद्याच्या ओळीत शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल सगळं परत परत लिहितात, मग त्याचा नंबर बदलला की पन्नास ठिकाणी दुरुस्ती आणि एक तरी राहतेच. म्हणून शेतकऱ्याला एक आयडी द्यायचा, ती प्रायमरी की, आणि सौद्यात फक्त तो आयडी ठेवायचा, ती झाली फॉरेन की. एवढं डोक्यात बसलं की जॉइन, म्हणजे त्या आयडीवरून दोन टेबलं जोडून माहिती काढणं, आपोआप कळतो.

प्रॅक्टिसला एसक्यूलाइट हे छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर घे, फुकट आहे, सर्व्हर वगैरे काही लागत नाही, सगळा डेटाबेस एकाच फाईलमध्ये.

नेहमीच्या चुका:
- व्हेअर (कुठल्या ओळी हव्यात ती अट) न लावता अपडेट किंवा डिलीट मारणं. सगळ्या ओळी बदलतात किंवा उडतात! मी स्वतः केलंय, वर बॅकअपही नव्हता 😅 आधी तीच व्हेअर लावून सिलेक्ट (ओळी फक्त दाखवणारी आज्ञा) चालवून बघ.
- नल म्हणजे माहितीच नाही, शून्य नाही. बरोबरच्या (=) चिन्हाने नल सापडत नाही, इझ नल (IS NULL) लिहावं लागतं.
- मोबाईल नंबर आकड्याच्या कॉलममध्ये टाकणं, टेक्स्ट ठेव, त्याची बेरीज थोडीच करायचीय.

इंडेक्स, ट्रिगर, स्टोअर्ड प्रोसिजर हे पुढचे विषय आत्ता बाजूला ठेव. रोज पाच-सहा क्वेरी (एसक्यूएलमधल्या आज्ञा) हाताने टाईप कर, कॉपी-पेस्ट नको. अडलास की तुझे टेबल टाक इथे, बघू.