आधी खरारा, मग खोगीर

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मे महिन्यात महाबळेश्वरला वेण्णा लेकवर घोड्यावर बसली आणि तेव्हापासून घोडाच हवा म्हणते. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. पुण्यात मुलांसाठी रायडिंग क्लब आहेत असं कळलं. तिथे नुसत्या फेऱ्या मारतात की काही शिकवतात? पडली तर?
– एक आई, कोथरूड

उत्तर: ताई, घोडा विकत घ्यायचं तूर्त मनातही आणू नका. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. लेक कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, आणि तो रोज पहाटे वैरणीची वाट बघत उभा असेल. क्लबात घोडा आपला नसतो, पण जिवाभावाचा होतो.

मी बावीस वर्षं मुलांना शिकवते आहे. पहिल्या दिवशी कुणालाही रिकिबीत, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीत, पाय ठेवू देत नाही, हातात घोड्याचं अंग घासायचा खरारा देते. घोड्याला बरोबर शेपटीमागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून त्याच्याशी बोलत खांद्याच्या बाजूने जायचं. कान मागे पाडले की थांबायचं. खूर उचलून खडे काढायचे, टाचेकडून पुढे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे साधी पोटदुखीही त्याच्या जिवावर बेतू शकते. आमचे घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार काका सकाळी लीद बघूनच घोड्याचं पोट ठीक आहे की नाही ते सांगतात. हे त्यांच्यामागे फिरणाऱ्या मुलांनाच कळतं. इंग्लंडमध्ये १९२९ साली मुलांसाठी पोनी क्लब निघाला. तिथल्या परीक्षांतही घोड्याची निगा असतेच.

मग लांब दोरीवर गोलात चाल, नंतर दुडकी. दुडकीच्या ठोक्यावर उठबस जमेपर्यंत मांड्या भरून येतात. त्याची घाई करू नका.

पडेल, ताई. मीही तेरा वर्षांची असताना पडले. पायात सपाट कॅनव्हासचे बूट होते, पाऊल रिकिबीतून आरपार गेलं आणि घोड्याने मला दहा-बारा पावलं फरपटत नेलं. शिकवणाऱ्यांनी बूट पाहिलेच नव्हते. म्हणून टाचेचा बूट आणि हनुवटीखाली पट्टा घट्ट बसलेलं हेल्मेट, यात तडजोड करू नका.

घरात कुणी 'मुलीला कशाला' म्हणालं, तर सांगा की या खेळात ऑलिंपिकमध्येही स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. हांगझोऊच्या एशियाडमध्ये २०२३ साली ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घ्यायच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण आणणाऱ्या चौघांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग होत्या.

क्लब निवडताना रविवारी सकाळी न कळवता जा. खोगीर काढल्यावर घोड्याची पाठ बघा, जखम दिसली तर परत फिरा. तबेल्यात प्यायचं पाणी स्वच्छ आहे का ते बघा. आणि रपेट संपल्यावर मुलं थेट गाडीत बसतात की घाम जिरेपर्यंत घोड्याला हातात धरून चालवतात, तेवढं थांबून बघा. चालवत असतील, तर लेकीला तिथेच घाला.