गडद, गर्द की काळोखा? डार्क सिनेमाला मराठीत काय म्हणायचं

विट्याच्या एका पोराचा प्रश्न आलाय तो आधी जसाच्या तसा देतो. "काका, मला डार्क पिक्चर जाम आवडतात, म्हणजे गोष्ट जड, माणसं आतनं मोडलेली, आणि दिसायला अशी की एकेक फ्रेम थांबवून बघत बसावी. अशाला मी 'गडद सिनेमा' लिहिलं तर एक सर म्हणाले गडद फक्त रंगाला लागतं, सिनेमाला 'गर्द' नाहीतर 'काळोखा' लिही. बरोबर काय? आणि गडदच्या उलट शब्द कुठला?"

गडदच लिही. बिनधास्त लिही. आणि गर्द तर चुकूनसुद्धा लिहू नकोस, कारण हा गर्द-गडदचा घोळ मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, साडीच्या दुकानात, लग्नाच्या पत्रिकेत, आता सिनेमाच्या परीक्षणातसुद्धा "गर्द छायाचित्रण" म्हणून छापून येतं, आणि लिहिणाऱ्याला वाटतं दोन्ही एकच, फक्त गर्द जरा भारदस्त. अजिबात एक नाहीत. गर्द म्हणजे दाटी. गर्द झाडी, गर्द राई. फारसीत गर्द म्हणजे धूळ, आपली गर्दी त्याच घरातली, आणि ऐंशीच्या दशकात नशेसाठी पुडीतनं विकली जायची ती गर्दसुद्धा पावडरच होती. म्हणजे कण कणाला चिकटलेला, बाहेरच्याला आत शिरायला फट नाही. आता तू सांग, जो सिनेमा तुला आत ओढून घेतो त्याला हा शब्द कसा लावायचा?

गडद रंग, गडद सावली, गडद अंधार हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. आपल्याकडची जुनी माणसं गाढ झोपेलापण गडद झोप म्हणतात, तेही बाजूला ठेव. ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो. सह्याद्रीत उत्तरेकडं जा, कर्जतच्या अंगाला ढाकचा किल्ला आहे, त्याच्या उभ्या कड्यातल्या गुहेत बहिरी नावाचा देव आहे, आणि त्या देवाला लोक म्हणतात गडदचा बहिरी. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात सोनावळे गावाजवळ डोंगरात कोरीव लेणी आहेत, त्यांचं नाव गणपती गडद. गडद म्हणजे गुहा! कड्याच्या पोटातली, तोंडाशी उजेड आणि आत काळोख, अशी जागा. डोंगर चढणाऱ्या पोरांना हा शब्द पाठ असतो आणि भाषेवर लेख लिहिणाऱ्यांना बऱ्याचदा पत्ताच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडं सातारा-सांगलीत हा अर्थ कानावर का येत नाही? कारण आपल्या बाजूला अशा जागेला घळ म्हणायची पद्धत. समर्थांची शिवथरघळ सगळ्यांना माहीत, ती जरी कोकणात उतरून रायगड जिल्ह्यात असली तरी समर्थांमुळं घळ हा शब्द आपल्या घराघरात बसला. म्हणून गडद आपल्याकडं नुसता विशेषण होऊन राहिला, मूळ वस्तू विसरली आणि तिचा रंग तेवढा उरला, असं माझं मत आहे आणि मी ते ठामपणे मांडतो.

यावर लगेच काही जण म्हणतात, छे छे, गडद हा संस्कृत गाढ वरनं आलाय, घट्ट-दाट-खोल असा अर्थ, त्यात गुहेचा काय संबंध. ह्या मंडळींचं नेहमीचंच आहे. कुठलाही मराठी शब्द दिसला की त्याला आधी संस्कृतच्या दारात नेऊन उभा करायचा, आणि आवाज जरा जुळला की झालं, डोंगरात राहणाऱ्या माणसाला विचारायची गरजच नाही. अहो गाढ तर आपल्याकडं गाढ म्हणूनच जिवंत आहे, गाढ झोप, गाढ श्रद्धा, मग त्याच गाढला शेवटी हा द कुठनं चिकटला आणि ढ चा ड का झाला, याचं उत्तर देताना सगळे घाईत असतात. आणि समजा दोन वेगळे गडद आहेत असं धरलं, एक गुहेचा आणि एक रंगाचा, तर दोन्हींत काळोख यावा हा योगायोग मला तरी पटत नाही.

दुसरा आक्षेप जरा बरा आहे, की वस्तूचं नाव रंगाला लागतं तेव्हा शेवट बदलतो, राख पासून राखाडी, डाळिंब पासून डाळिंबी, अंजीर पासून अंजिरी, आमसूल पासून आमसुली, मग गडदपासून गडदी का नाही झालं. तर अबोली बघा की! फूल अबोली आणि रंगपण अबोली, काही बदललं नाही. आपल्या बायका साडीच्या दुकानात बसून रंगांची जेवढी नावं घेतात ना, तेवढी कुठल्या कोशात एका जागी सापडायची नाहीत, आणि त्यातली बहुतेक नावं फळाची, फुलाची, पक्ष्याची, म्हणजे डोळ्यासमोरच्या वस्तूंची आहेत. मराठी माणूस रंग असाच बघतो. मग काळोखाच्या जाडीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं रोज दिसणारी गुहा उचलली तर त्यात नवल काय.

आता हे सिनेमाला कसं लागतं ते बघ, कारण इथंच मजा आहे. मिरजेच्या पुढं भोशाजवळ दंडोबाचा डोंगर आहे, तिथलं देऊळ डोंगरातच कोरलेलं आहे. भर उन्हातनं आत शिरलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही, मग हळूहळू खांब दिसतो, मग भिंत, मग देव. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात, हे शरीराचंच गणित आहे. गडद म्हणजे असा काळोख, ज्याला आत खोली आहे, ज्यात काहीतरी आहे आणि ते उशिरा दिसतं. काळोखा शब्दात हे येत नाही, काळोखा म्हणजे नुसतीच लाईट गेलेली. चांगल्या डार्क सिनेमात लाईट गेलेली नसते रे, उलट ती फार मोजून आणलेली असते. माणसाच्या तोंडावर एका बाजूनं मुख्य दिवा टाकायचा आणि दुसऱ्या बाजूची सावली भरून काढणारा जो दिवा असतो तो जवळजवळ काढूनच टाकायचा, मग अर्धा चेहरा सांगतो आणि अर्धा लपवतो. पण तो लपलेला अर्धा पूर्ण काळा ठोकळा झाला की काम बिघडलं, त्यात डोळ्याची एवढीशी चमक, कानाची कड राहिली पाहिजे. ही कड राखणं म्हणजे कॅमेरामनची खरी परीक्षा.

कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांचं काम बघितलं नसशील तर पहिलं ते बघ. गुरुदत्तचा १९५९ चा 'कागज के फूल', आपल्या देशातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा पिक्चर, आणि त्यात रिकाम्या स्टुडिओत वरनं उन्हाचा एक जाड झोत खाली येतो, धूळ तरंगतीये आणि दोन माणसं त्या झोताच्या आत-बाहेर. तो झोत दिव्याचा नाही. मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचं खरं ऊन स्टुडिओत आणलं होतं. तोंडाशी उजेड, आत काळोख, मी वर गणपती गडदला जे म्हटलं तेच इथं पडद्यावर आहे! पिक्चर तेव्हा सपशेल पडला आणि मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले कॅमेरामन, तेही इतक्या उशिरा. मला याचा अजून राग येतो. आपल्याकडं हिरोचं नाव पोरासोरांना पाठ आणि ज्यानं तो हिरो दाखवला त्याचं नाव विचारलं की सगळे गप्प.

आणि हल्लीचा 'तुंबाड', २०१८ चा, राही अनिल बर्वे यांचा, कॅमेरा पंकज कुमार यांचा. त्याला तर गडद हा शब्द दोन्ही अर्थानं बसतो, कारण त्यातला सगळा लोभ शेवटी जमिनीखालच्या एका पोकळीत, देवीच्या गर्भात उतरतो, दोरावरनं, हातात उजेड घेऊन. वर करडा पाऊस आणि खाली लाल गुहा. हा पिक्चर बघून बाहेर पडल्यावर माणसं त्याला 'हॉरर' म्हणून मोकळी होतात तेव्हा मला वाटतं यांना थांबवून सांगावं, भीती ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे.

काही जण म्हणतात फ्रेंच लोकांनी अशा सिनेमाला सरळ काळा म्हटलं, नुआर म्हणजे काळा, मग आपणपण काळा सिनेमा म्हणू. १९४६ मध्ये नीनो फ्रांक या समीक्षकानं अमेरिकन गुन्हेगारी सिनेमांना ते नाव लावलं, हे खरं. पण तिथं आधीच काळ्या मुखपृष्ठांची गुन्हेगारी कादंबऱ्यांची एक मालिका त्याच नावानं चालू झाली होती, म्हणून वाचकाला नुआर म्हटलं की काय ते कळायचं. आपल्याकडं काळा म्हटलं की काळा बाजार, काळा पैसा, काळी यादी. आयकर खात्याची आठवण येईल, सिनेमाची नाही. फ्रेंचांची वाट फ्रेंचांना लखलाभ, आपल्याला आपला शब्द असताना उसनं कशाला. आणि रक्त दिसलं, शिव्या आल्या की त्याला डार्क म्हणायची जी फॅशन आलीये तीपण बंद व्हायला पाहिजे. रक्त भर दुपारच्या उन्हातसुद्धा सांडतं. गडदपणा माणसाच्या आत आणि फ्रेमच्या आत, दोन्हीकडं लागतो.

तशीच चीड मला 'नेत्रदीपक' शब्दाची येते. फटाक्यांची आतषबाजी नेत्रदीपक, उद्घाटन नेत्रदीपक, क्रिकेटमधला विजय नेत्रदीपक, आणि आता गडद सिनेमाची दृश्यंपण नेत्रदीपक! डोळे दिपले तर अंधारातलं दिसणार कसं? देखणा म्हण की, साधा शब्द आहे, गडद आणि देखणा.

आता उलट शब्द. रंगाला फिका, ते झालंच. पण सिनेमापुरतं विचारशील तर माझ्या मते गडदच्या उलट भडक. भडक हा आगीचा शब्द, भडका, भडकणं, सगळं एका चुलीतलं, आणि सांगलीकराला तर हे वेगळं सांगायलाच नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा वीज कुठली, मशाली आणि दिवट्यांच्या उजेडात खेळ. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस आला की मशालीवर राळेची, म्हणजे झाडाच्या वाळलेल्या चिकाची, पूड फेकायचे, भप्पकन मोठा भडका उठायचा, त्यात रंगवलेलं तोंड क्षणभर दिसायचं आणि परत अंधार. राळ उडवणं हा आपला वाक्प्रचार तिथलाच, आज एखाद्यावर टीकेची राळ उडवली म्हणतात तेव्हा म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर तो राक्षस नसतो, पण असायला पाहिजे. आणि बघ, भडका आणि अंधार त्या रंगमंचावर एकमेकांच्या आधारानंच उभे होते. पुढं गॅसबत्ती आली, वीज आली, सगळा रंगमंच एकसारखा उजळला, राक्षसाचं तोंड सगळा वेळ दिसायला लागलं आणि त्याची भीती गेली. १९२० च्या जर्मन 'कॅलिगारी' सिनेमात त्या लोकांनी सावल्या चक्क रंगानं सेटवर काढून टाकल्या, कारण त्यांना सावली दिव्याच्या भरवशावर सोडायची नव्हती. अंधाराची किंमत कळलेली माणसं ती.

तू हे सिनेमे मोबाईलवर बघत असशील तर एक सांगतो, उन्हात गच्चीवर बसून बघू नकोस. स्वस्त स्क्रीनवर काळा रंग करडा होतो, कारण मागचा दिवा चालूच राहतो, आणि नेट कमी असलं की अंधाराच्या जागी चौकोनी ठोकळे नाचतात, जे कॅमेरामननं कधी काढलेच नव्हते. खोलीत अंधार कर, ब्राईटनेस जेवढी बेताची तेवढी ठेव, पहिली दहा मिनिटं धीर धर. थेटरात मिळाला तर थेटरातच बघ.

आणि सरांना माझा निरोप दे की गडद फक्त रंगाला लागतं हे त्यांचं म्हणणं मला मान्य नाही, गडद झोप रंगाची नसते.

शिराळा, पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या खोऱ्यातल्या कुणी आपल्या गावात एखाद्या गुहेला, कपारीला, घळीला 'गडद' म्हणताना ऐकलं असेल तर गावाचं नाव, त्या जागेचं नाव, आणि शब्द पुल्लिंगी वापरतात की स्त्रीलिंगी, एवढं नक्की कळवा. गुराख्यांना विचारा, त्यांना हमखास माहीत असतं.