प्रश्न तुमचे : टपालाचा हातकाटा

प्रश्न : अंबाजोगाईच्या आमच्या जुन्या पेटीत तळहाताएवढी पितळी वस्तू सापडली. वर बोटात अडकवायची कडी, खाली चिमटा आणि कडेला औंसांच्या खुणा आहेत. स्प्रिंग मात्र कुठेच दिसत नाही. हे काय असावे?

उत्तर : हा पत्रे तोलण्याचा हातकाटा आहे. चिमट्यात पत्र अडकवून कडीने उचलले की पत्राच्या भाराने चकती फिरते, विरुद्ध बाजूचे जड पितळ वर सरकते आणि दोन्ही भार जिथे समतोल होतात तिथे वजन वाचता येते. खुणांमधील अंतर सारखे नसते, तो दोष नव्हे. कोन बदलतो तसा त्या जड भागाचा परिणामही बदलतो. स्प्रिंग नसल्यामुळे ती सैल पडण्याचा प्रश्नच येत नाही, आणि हेच मला या रचनेचे खरे सौंदर्य वाटते.

ब्रिटनमध्ये १८४० साली अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एक पेनी असा अंतरनिरपेक्ष दर लागू झाला, तेव्हापासून असे काटे उपयोगी ठरू लागले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ साली पाव तोळ्याला अर्धा आणा दर ठरला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघाली.

काटा तपासायचा असेल तर ८० जीएसएमचे (चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारे) सहा ए-४ कागद घडी करून लावा. ते सुमारे ३० ग्रॅम भरतात, म्हणून वाचन एक औंसाच्या किंचित पुढे यायला हवे. पितळ मात्र घासू नका, कारण खुणा पुसट होतील.