स्त्री-पुरुषांच्या रोजच्या बोलण्यात खरंच फरक असतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दिवसभराचं काही सांगायला गेलं की नवरा दोन वाक्यांत उपाय सांगून मोकळा होतो आणि स्वतःच्या मनातलं मात्र काहीच बोलत नाही. बायका-पुरुषांची बोलण्याची रीत मुळातच वेगळी असते का, असा तुमचा प्रश्न आहे. फरक आहे आणि तो रोज दिसतो. पण तो जन्मजात आहे असं मला वाटत नाही. कोणाला कोणासमोर काय बोलायची मुभा आहे, यावर तो बराचसा ठरतो. मी सातारा जिल्ह्यात बचत गटांचं काम करते. गावोगावच्या बैठकांना बसून बसून माझं हे मत झालंय.

आमच्या एका गटाच्या सचिव आहेत. गटाच्या बैठकीत त्यांचा आवाज खणखणीत असतो. कोणी हप्ता चुकवला की तोंडावर विचारतात, "मागच्या महिन्याचं व्याज राहिलंय, कधी देतेस? तारीख सांग, वहीत लिहिते." याच बाई ग्रामसभेत उभ्या राहिल्या की पदर सावरत म्हणतात, "नाही म्हंजे, मला काय एवढं कळत नाही, पण नळाला पाणी जरा कमी येतंय असं वाटतं." पाणी जरा कमी वगैरे नसतं, नळ कोरडा ठणठणीत असतो. आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून कोणीतरी रस्त्याचा विषय काढतो. बाई तीच, गाव तेच, फक्त समोर बसलेली माणसं बदलली.

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे, ती यासाठीच. जिथे ती खरोखर भरते, नुसत्या सह्या गोळा होत नाहीत, तिथे बायका दारूच्या दुकानापासून रेशनपर्यंत सगळं रोखठोक मांडतात. तामिळनाडूतल्या ग्रामसभांच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांना असं दिसलं की बायका पुरुषांपेक्षा कमी बोलतात आणि बोलल्या तरी त्यांना उत्तर मिळण्याची शक्यता कमी असते. गावचं प्रमुखपद बाईकडे असलं की त्यांच्या बोलण्याला जास्त प्रतिसाद मिळतो.

अमेरिकेत १९७०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या कोर्टांत साक्षीदारांचं बोलणं अभ्यासलं गेलं. "बहुतेक", "मला वाटतं", "तसं म्हणजे" अशी अडखळती भाषा बायकांची, असं तेव्हा मानलं जात होतं. प्रत्यक्षात कमी प्रतिष्ठेची कामं करणारे पुरुषही तसंच बोलत होते आणि तज्ज्ञ म्हणून साक्षीला आलेल्या स्त्रिया तशा बोलत नव्हत्या. मला हे वाचून नवल वाटलं नाही. घरात "पाणी आण" म्हणणारा माणूस ऑफिसात साहेबांना "सर, ती फाईल तेवढी बघितली असती तर बरं झालं असतं" म्हणतोच की.

आता घरातलं. तुम्ही म्हणता, "गॅस संपत आलाय." तुम्हाला म्हणायचं असतं की नंबर लाव. तो "हं" म्हणतो, कारण त्याच्या कानाला ती नुसती माहिती असते. आपल्या कित्येक घरांत सुनेने सरळ काम सांगणं म्हणजे उद्धटपणा समजला गेला. म्हणून बायका आडून बोलायला शिकल्या आणि लेकींनीही तेच उचललं. पुरुषांना आडून बोललेलं घरात ओळखावंच लागलं नाही. ओळखलं नाही म्हणून त्यांचं अडलं कुठे?

जुन्या बायकांना तर बोलायला माणूसच नव्हतं. त्या जात्याशी बोलल्या. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर, सासुरवास, भावाची वाट, नवऱ्याचा राग, सगळं आहे. पहाटे दळताना मोकळं होता यायचं, कारण ऐकणारं दुसरं कोणी नसायचं किंवा असली तर दुसरी बाईच असायची. तिने उपाय सुचवावा अशी अपेक्षा नसायची, ती पुढची ओवी गायची. तुम्हाला नवऱ्याकडून बहुधा तेच हवंय.

बायका जास्त बोलतात, हेही लोक फार सहज म्हणतात. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ३९६ विद्यार्थ्यांचं बोलणं छोट्या यंत्रावर टिपलं होतं. मुलं आणि मुली, दोघंही दिवसाला साधारण १६,००० शब्द बोलत होते. पुढे २०२५ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात २५ ते ६४ या वयात बायका सुमारे ३,००० शब्द जास्त बोलतात असं दिसलं, इतर वयांत मात्र तसा ठळक फरक नव्हता. आणि पारावर, टपरीवर, सलूनमध्ये पुरुषांच्या तास तास चालतात त्याही गप्पाच असतात.

पुरुष बोलतात, पण स्वतःच्या दुखण्याबद्दल क्वचित, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलगी सासरहून फोन करते. वडील विचारतात, "बरी आहेस ना? पैसे आहेत ना? थांब, आईकडे देतो." नंतर आई बोलत असताना तिच्या शेजारी बसून ते प्रत्येक शब्द ऐकतात. "रडतोस काय पोरीसारखा" हे त्यांनी लहानपणीच ऐकलेलं असतं. त्यांची माया त्या पैशांच्या प्रश्नात असते. तुमचा नवरा झटपट उपाय सांगतो, त्यातही काळजी असू शकते.

म्हणून आधी एवढं करून बघा. बोलायला सुरुवात करतानाच सांगा, "आज मला सल्ला नको, नुसतं ऐक." गॅस संपला की "नंबर तू लाव" म्हणा. त्याला बोलतं करायचं असेल तर समोरासमोर बसवून "काय झालंय?" विचारू नका. गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, हाताला काम असताना विचारा, पुष्कळ पुरुष तेव्हा जास्त मोकळे होतात.

इतकं स्पष्ट सांगूनही तो तुमचं बोलणं अर्ध्यावर तोडत असेल, तर "पुरुष असेच असतात" ही सबब मात्र मान्य करू नका. साहेब बोलत असताना तो शेवटपर्यंत ऐकतो ना? मग त्याला ऐकता येतं.